सावळीरामचा खालचा ओठ

नाशिकला द्वारकेच्या चौकात चारी बाजूंच्या गाड्या एकमेकींना वाट न देता नुसत्या हॉर्न वाजवत उभ्या राहतात. त्या चौकापासून जरा आत, टायरच्या दुकानाला लागून, यादवमास्तरांच्या बँडचा गाळा होता. भिंतीवर ओळीने खिळे, खिळ्यांवर लाल कोट, कोटांच्या खांद्यांवर सोनेरी झालरी. खाली पितळी वाद्यं मांडलेली आणि बाकाच्या टोकाला पाय खाली सोडून सावळीराम गांगुर्डे बसलेला, मांडीवर काळं क्लॅरिनेट. दिवसा कोणी बघितलं तर वाटावं, हा माणूस बसची वाट बघतो आहे. संध्याकाळी तोच लाल कोट चढवून मिरवणुकीच्या पुढे चालू लागला की बघणाऱ्याला ओळख पटत नसे.

सावळीरामचे वडील दिंडोरीकडच्या एका गावात देवळापुढे सनई वाजवत. फुंकर त्याला घरातूनच मिळाली. अठराव्या वर्षी तो नाशिकला आला, यादवमास्तरांनी त्याच्या हातात क्लॅरिनेट दिलं आणि मग ते हातातून सुटलंच नाही. लग्न ठरलं की मुलाकडची मंडळी यादवमास्तरांना आधी विचारत, "सावळीराम आहे ना त्या तारखेला?" असेल तरच विसार देत. एका सुराला तो असा काही वर चढून थांबायचा की नाचणारी पोरं हात वर करून तशीच उभी राहायची. तो सूर खाली उतरला की पोरांचे हातही उतरायचे.

आता क्लॅरिनेट वाजवायचं म्हणजे खालचा ओठ आत दुमडून दातांवर घ्यावा लागतो. त्या ओठावर वेताची पातळ पट्टी टेकते आणि सगळा भार तिथे येतो. नवख्याचा ओठ चार दिवसांत सोलवटतो. त्यावर यादवमास्तरांच्या बँडमध्ये एक जुनी रीत होती. रोज सकाळी चूळ भरली की तुरटीचा खडा ओठाच्या आतून चोळायचा. झोंबतं, डोळ्यांत पाणी येतं, पण काही महिन्यांत तिथे घट्टा पडतो. घट्टा पडला की खडा फेकून द्यायचा. मास्तरांच्या उस्तादांनी मास्तरांना हे सांगितलं होतं आणि मास्तरांनी सगळ्यांना. "मऊ ओठाच्या माणसाला पंगतीत वाढायला ठेवा, वाजवायला नको," असं मास्तर म्हणायचे.

सावळीरामला घट्टा पडलाही होता. पण त्र्याण्णव साली उपनगरातल्या एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मित्राने नाचता नाचता असं कोपर फेकलं की क्लॅरिनेट तोंडात आपटलं आणि खालच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. दात राहिला, पण धार आली. वाजवायला बसलं की ती धार ओठात रुतायची. रात्रीतून जरा भरून यायचं, सकाळी तो तुरटी लावायचा, संध्याकाळी पुन्हा कापायचं.

दात काढून टाक, असं बायको कितीदा म्हणाली. बायकोचं नाव मैना. ती पेठकडची, डोंगरातली. बोलायला कमी, पण बोलली की मोजकं आणि मुद्द्याचं.

"काढू कसा?" सावळीराम म्हणायचा. "दात तुटल्यापासनं वरचा सूर कसा लागतो बघितलंस का? आधी असा लागत नव्हता. त्या दाताची करामत हाय ती."

सूर खरोखर दातामुळे चढला की वर्षानुवर्षांच्या मेहनतीमुळे, हे कोणी तपासलं नव्हतं. पण सावळीरामच्या मनाने घेतलं होतं. जखमेला तो जखम म्हणायचाच नाही. "सुराची जागा" म्हणायचा. शिवाय तो तंबाखूला कधी शिवला नव्हता. तंबाखूचा वास वाद्यात बसतो, म्हणून. तोंडाचे भलते रोग तंबाखूवाल्यांना होतात, आपला त्याच्याशी संबंध नाही, असा त्याचा सरळ हिशेब होता.

दोन हजार दोन सालच्या मे महिन्यात देवरे मंडळींकडचं लग्न होतं. गोरज मुहूर्त. नवरदेव मारुतीच्या पाया पडून कार्यालयाकडे निघाला होता. दिवेलागण झाली होती, दोन्ही बाजूंनी बाया डोक्यावर दिवे घेऊन चालत होत्या. एक गाणं संपलं, तेव्हा सावळीरामने रुमाल ओठाला लावला आणि घडी करून खिशात ठेवला. रुमालावर लाल डाग पडलेला नवरदेवाच्या थोरल्या बहिणीने पाहिला. ही उज्वला. पुण्यात डॉक्टरी शिकून नाशिकच्या एका इस्पितळात लागली होती. शरीरातले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे, हे तिचं काम. भरजरी साडी सावरत ती थेट सावळीरामपुढे येऊन उभी राहिली.

"काका, ओठ दाखवा."

"आं?"

"खालचा. आतून. रक्त येतंय तुमच्या."

"ते रोजचंच हाय ताई. तुम्ही नाचा."

"रोजचं? किती दिवस?"

सावळीराम मनात मोजू लागला. "थांबा हं... दात तुटला त्याला झाली आठ-नऊ वर्षं."

उज्वलाने त्याचा ओठ धरून खाली ओढलाच. उजेड पुरेना. बँडबरोबर नेहमी दिवा घेऊन चालणारी ठमाबाई शेजारीच होती, ती गुडघ्यात वाकून दिवा पुढे करत म्हणाली, "बघा बाई, नीट बघा. एवढं वाजवतो, आत काय यंत्र बसवलंय का तेही बघा."

मागून नवरदेव घोड्यावरून ओरडला, "ताई, मुहूर्त चाललाय! त्यांचं तोंड नंतर बघ!"

सगळी मिरवणूक थांबली होती. ट्रंपेटवाले यादवमास्तर घाम पुसत पुढे आले. "काय झालं? बिदागी दाताखाली लपवलीय काय त्याने?"

पण उज्वला हसली नाही. जखम बोटाच्या पेराएवढी, कडा जाड, मधूनच पांढुरका पापुद्रा. ती हलक्या आवाजात म्हणाली, "काका, सोमवारी इस्पितळात या. नक्की या. नाहीतर मी द्वारकेला येऊन तुम्हाला घेऊन जाईन."

सावळीराम गेला, तो मैनेमुळे. ठमाबाईने दुसऱ्याच दिवशी नाशिक रोडला सावळीरामच्या चाळीत येऊन मैनेला सगळं साग्रसंगीत सांगितलं होतं, त्यात थोडं स्वतःचंही घातलं होतं. सोमवारी मैनेने त्याचा धुतलेला सदरा काढून ठेवला आणि चपला घालून दारात उभी राहिली. मग सावळीरामनेही चपला घातल्या.

ओठ बधिर करून तांदळाएवढा तुकडा काढला. पुढचा आठवडा सावळीरामने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. वरून थट्टा चालू होती, "एवढ्याशा तुकड्यात काय दिसणार, माणूस अख्खा घेऊन गेलो होतो की," पण घरात भांडं पडलं तरी दचकायचा.

निकाल सांगायला उज्वलाने दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. खोलीत खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक होता.

"कॅन्सर नाहीये," ती आधी म्हणाली. मैनेने पदराने तोंड पुसलं. "पण सगळं ठीकही नाहीये. काही पेशींची ठेवण बिघडायला लागलीय. अजून परतीची वाट आहे. ही जखम आता भरलीच पाहिजे."

"ताई, मी तंबाखू खात नाय," सावळीराम म्हणाला. जणू काही चूक इस्पितळाची झाली होती.

"माहितीये. तोंडाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूच. पण तिथे जायची ती एकच वाट नाही. बघायचंय तुम्हाला, तुमच्या ओठात काय चाललंय ते?"

सावळीरामने एक डोळा मिटून आत पाहिलं. गुलाबी रंगावर जांभळे ठिपके. पुष्कळ ठिपके.

"हळदीकुंकवाला गर्दी व्हावी तशी गर्दी दिसते," तो म्हणाला.

"गर्दीच आहे. त्यातल्या मोठ्या, पोट सुटल्यासारख्या पेशी दिसतात? त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. खादाड पेशी. आपल्या शरीराच्याच. कुठे जखम झाली की रक्तातून तिथे उतरतात. जंतू खातात, मेलेल्या पेशी खातात, घाण साफ करतात. आणखी मदत हवी असेल तर हाक मारतात."

"चांगलीच मंडळी म्हणायची."

"चांगलीच. त्यांच्याशिवाय एक जखम भरायची नाही. साफसफाई झाली की या पेशी स्वभाव बदलतात. आधी मोडतोड करायला आल्या होत्या, आता बांधकामाला लागतात. नव्या रक्तवाहिन्या मागवतात, शेजारच्या पेशींना सांगतात, वाढा, जागा भरून काढा. जागा भरली की पांगायचं. लग्न लागलं, जेवणं झाली, मांडववाले मांडव सोडून घरी गेले. असं व्हायला पाहिजे."

"आणि आमच्याकडं?"

"तुमच्याकडे रोज सकाळी मांडव बांधायचा आणि रोज संध्याकाळी कोणीतरी येऊन फाडायचा. मग मांडववाले घरी जातील कधी? ते तिथेच मुक्काम ठोकून बसलेत. नऊ वर्षं. निम्मे मोडतायत, निम्मे बांधतायत, सगळं एकाच जागी. जंतू मारायला ते जे जहाल फवारतात ते घरच्या पेशींवरही उडतं, त्यांच्या आतल्या मजकुरात चुका होतात. त्याच वेळी दुसरीकडून हुकूम चालूच आहे, वाढा, वाढा. चुका झालेल्या पेशी वाढतात. असं वर्षानुवर्षं चाललं की एखादी पेशी कोणाचंच ऐकेनाशी होते."

"मग खादाड मंडळी तिला खात का नाय?"

"कधी कधी खातात. पण ती पेशी हुशार. आपण म्हणजे एक जखमच आहोत असं भासवते. आणि या मंडळींना जखमेची सेवा करायची सवय लागलेली. मग त्या तिला रक्ताचा पुरवठा करून देतात, पसरायला वाट मोकळी करून देतात, पहाऱ्यावरच्या दुसऱ्या पेशींना सांगतात, असू द्या, आपलाच माणूस आहे. गेल्या काही वर्षांत हे जास्त नीट कळायला लागलंय. पूर्वी वाटायचं, कॅन्सरच्या गाठीत या पेशी दिसतात म्हणजे लढायलाच आल्या असणार."

सावळीरामने डोकं खाजवलं. "म्हंजे पोलीसच चोराला पंगतीत बसवून वाढतात?"

"पोलीसच. पण फितूर नाहीत हो. फसलेले."

मैना पुढे सरकली. ती म्हणाली, "काम संपलं, असं त्यांना कोणी सांगितलंच नाय म्हणा की."

"बरोबर. ते जखमच सांगते, भरून येऊन. म्हणून आता आपण काय करायचं? दाताची धार आज घासून घ्यायची. दोन महिने क्लॅरिनेट तोंडाला लावायचं नाही. आणि जखमेला काहीही लावायचं नाही, मी दिलेल्या मलमाशिवाय. प्रत्येक जखमेचा कॅन्सर होत नाही, काका. बहुतेकींचा होत नाही. पण भरायलाच नाही म्हणणारी जखम मला आवडत नाही."

दाताच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी धार घासून दात गुळगुळीत केला. घरी येताना बसमध्ये सावळीराम सारखी त्या दातावरून जीभ फिरवत होता.

"गेला," तो मैनेला म्हणाला.

"काय गेला?"

"वरचा सूर."

मैना खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "सूर गेला तर जाऊ दे. तुम्ही तर हायेत बसमध्ये."

लग्नसराई संपत आली होती, पुढे आषाढ, त्यामुळे बँडचं फार अडलं नाही. सावळीरामने क्लॅरिनेट पेटीत ठेवून पेटी कपाटावर टाकली. मलम वेळच्या वेळी लावलं. गरम चहा सोडला. सगळं पथ्य इमानदारीने पाळलं. आणि रोज सकाळी चूळ भरून झाली की तुरटीचा खडा घेऊन ओठाच्या आतून चोळला.

यात आपण काही वावगं करतो आहोत, असं त्याच्या मनात चुकूनही आलं नाही. जखमेला काही लावायचं नाही, हे त्याने ऐकलं होतं. पण लावायचं म्हणजे हळद, तेल, झाडपाला. तुरटी म्हणजे दात घासण्यासारखी. दात घासू नका असं कोणी म्हणालं होतं का? उलट आता वाजवणं बंद, म्हणजे ओठ मऊ पडणार. मऊ पडला की दोन महिन्यांनी पहिल्याच गाण्याला सोलून निघणार. तेव्हा घट्टा राखायलाच हवा. म्हणून तो आधीपेक्षा जरा जोरानेच चोळायचा. मैना त्या वेळी नळावर पाण्याला गेलेली असायची.

महिन्याने उज्वलाने ओठ पाहिला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. पुन्हा पंधरा दिवसांनी पाहिला, आठी तशीच. जखम होती तिथे होती. उलट एक कड जास्त जाड वाटत होती.

"वाजवत नाही ना, काका?"

"आईच्यान नाय."

"दात टोचतो?"

"छे."

उज्वलाने थोरल्या सर्जनांना दाखवलं. त्यांनी ओठ चिमटीत धरून पाहिला, मान हलवली आणि सांगितलं, "कारण काढलं तरी भरत नाही म्हणजे वाट बघण्यात अर्थ नाही. पुढच्या आठवड्यात ही जागा पाचरीसारखी काढून टाकू. टाके घालू. दिसायला फार फरक पडणार नाही."

"आणि वाजवायला?" सावळीरामने विचारलं.

सर्जनांनी उज्वलाकडे पाहिलं. उज्वला खाली बघून म्हणाली, "ओठ लहान होईल, काका. क्लॅरिनेट... नाही जमायचं बहुतेक."

त्या दिवशी घरी यादवमास्तर आणि राजू भेटायला आले होते. राजू हा बँडमधला दुसरा क्लॅरिनेटवाला, तिशीतला, बोलायला तिखट. सावळीराम त्याला मनातून बारा आणे मानायचा, तोंडावर चार आणेसुद्धा नाही.

"परवा साखरपुड्याला राजूने वाजवलं," मास्तर चहा फुंकत म्हणाले. "लोक नाचले."

"नाचले?" सावळीरामचा चेहरा उतरला.

"नाचले रे. लोकांचं काय, पिठाची गिरणी चालू केली तरी नाचतात."

"मास्तर, मी इथंच बसलोय," राजू म्हणाला. मग सावळीरामकडे वळून, "मामा, तुम्ही लवकर या बरं. तुमच्या जागेवर उभं राहिलो की लोक माझ्याकडं बघत नाहीत, तुम्हाला हुडकतात. लय अपमान होतो."

सावळीराम हसला. ओठ कापायचं ठरलंय हे त्याने त्या दोघांना सांगितलं नाही. ते गेल्यावर कपाटावरची पेटी काढून मांडीवर घेतली, उघडली नाही. मैना दारात येऊन उभी राहिली.

"झांजा वाजवता येतील," शेवटी तो म्हणाला. "झांजांना ओठ लागत नाय."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी उज्वलाने दोघांना पुन्हा बोलावलं, शेवटचं एकदा बघून घ्यायला. तिने ओठ खाली ओढला, दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला. दाबल्यावर रक्त आलं. ती कापूस घ्यायला वळली.

"राहू द्या ताई, माझ्याकडं हाय," सावळीराम म्हणाला, आणि खिशातून तुरटीचा खडा काढून सराईत हाताने ओठाच्या आत फिरवला. "हे बघा. थांबलं."

उज्वला कापूस हातात धरून तशीच उभी राहिली.

"काय आहे ते?"

"तुरटी."

"हे तुम्ही... आज लावलीत?"

"आज? रोज लावतो की. कधी चुकवत नाय. एवढं जपतो मी त्याला." सावळीरामला वाटलं, ती शाबासकी देणार.

"काका! काही लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना मी!"

"काही लावलंच नाय! तुरटी काय औषध हाय का? घट्टा राहावा म्हणून लावतो. समद्या बँडची रीत हाय ती, मास्तरांना विचारा."

उज्वला खुर्चीवर बसली. आधी तिचा चेहरा लाल झाला, मग ओठ थरथरले, आणि मग ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतली नर्स डोकावून गेली. मैना मात्र हसत नव्हती. ती नवऱ्याकडे अशी बघत होती की सावळीरामने आपणहून खडा तिच्या हातात ठेवला.

"संध्याकाळी मांडव फाडणारा गेला," उज्वला डोळे पुसत म्हणाली, "म्हणून तुम्ही सकाळी उठून स्वतःच फाडत होतात. रोज! आणि ती बिचारी मंडळी तुमच्या ओठात हातात हातोडे घेऊन उभी."

"पण घट्टा..."

"घट्टा कातडीला पडतो, काका. जखमेला नाही पडत. सोललेल्या जागी तुरटी चोळली की पुन्हा जळतं. पुन्हा दाह, पुन्हा बोलावणं."

ती उठून सर्जनांकडे गेली. आतून बोलण्याचा आवाज येत होता, सर्जनांचा चढलेला, तिचा न चढलेला. परत आली तेव्हा म्हणाली, "तीन आठवडे मागून घेतलेत. फक्त तीन. तेवढ्यात भरायला लागली तर कापायचं नाही. नाही लागली तर मी काही बोलणार नाही, कापायचं. कबूल?"

"कबूल," मैना म्हणाली.

तो तुरटीचा खडा मैनेने पावसाळ्यातलं गढूळ पाणी निवळायला पिंपात टाकला. सकाळी नळावर जाताना ती सावळीरामला बरोबर नेऊ लागली, म्हणजे नजरेसमोर राहील. चाळीतल्या बाया विचारायच्या, "काय मैनाबाई, आज मालक हंडा घेऊन?" सावळीराम हंडा डोक्यावर घेऊन म्हणायचा, "ओठाला आराम हाय, डोक्याला नाय."

पण पहिल्या आठवड्यात त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. सकाळी हात आपोआप खिशाकडे जायचा. ओठ मऊ पडत चाललेला जिभेला कळायचा आणि त्याला वाटायचं, सगळं आयुष्य विरघळतंय. एकदा त्याने मैनेला विचारलंसुद्धा, "जखम भरली आणि वाजवताच आलं नाय, तर मग भरून उपयोग काय?"

"तुम्ही वाजवता म्हणून मी नांदते का?" मैना म्हणाली. "लग्नात तर तुम्ही नुसते घाबरून बसला होता. आपल्या लग्नात वाजवलं दुसऱ्याच कोणीतरी."

दुसऱ्या आठवड्यात जळजळ थांबली. तिसऱ्या आठवड्यात आरशात बघताना सावळीरामला जखमेची एक कड सापडेना. तो खिडकीपाशी गेला, उजेडात पाहिलं, मैनेला बोलावलं. मैनेने चष्मा लावला, ओठ ओढून पाहिला आणि चुलीकडे जाऊन शिरा केला.

सर्जनांनी पाहिलं, "हं," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. उज्वलाने मात्र जखम पुरती भरल्यावर खात्रीसाठी आणखी एक तुकडा घेतला. तिने सावळीरामला पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. गुलाबी रंग होता, जांभळे ठिपके तुरळक.

"कुठं गेले?"

"काम संपलं, पांगले. थोडे राहिलेत, ते नेहमीच असतात, घराची देखभाल करायला. बिघडलेली ठेवणही सुधारलीय. तरी दर सहा महिन्यांनी दाखवायचं. विसरायचं नाही."

"आणि वाजवायचं?"

"वाजवायचं. पण नव्या ओठाने, नव्यासारखं."

दाताच्या डॉक्टरांनी खालच्या दातांवर बसेल अशी पातळ टोपी करून दिली. गणपतीच्या आधी सावळीराम गाळ्यात आला तेव्हा सगळे जमले होते. त्याने ओठ दुमडला, फुंकर घातली. क्लॅरिनेटमधून कोंबडीचं पिल्लू चेपल्यासारखा आवाज आला. पुन्हा घातली. तसाच.

"मामा," राजू गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "हा राग कोणता?"

सगळा गाळा हसला. सावळीरामही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. त्या दिवशी त्याला एक गत पुरी वाजवता आली नाही. ओठ थकला की तो थांबायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. यादवमास्तर लांब बसून ऐकायचे. एका दुपारी ते म्हणाले, "सावळ्या, उस्तादांना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं, मला जे माहीत होतं ते मी." एवढं बोलून ते ट्रंपेट पुसायला लागले. गाळ्यातल्या कोनाड्यात तुरट्यांची पुडी असायची, ती दुसऱ्या दिवशी शेजारच्या न्हाव्याच्या आरशाखाली दिसली.

दसऱ्यापर्यंत सूर आला. पूर्वीसारखा कापत जाणारा नव्हे. जरा गोल, जरा खालचा. वरच्या त्या जागेला सावळीराम जाऊन यायचा, पण तिथे फार वेळ थांबता येत नव्हतं. दाताची करामत होती की नव्हती, यावर त्याने बोलणं सोडून दिलं.

तुळशीचं लग्न झालं आणि तारखा सुरू झाल्या. पहिलं लग्न नाशिक रोडचंच होतं, त्यामुळे मैना चाळीतल्या बायांबरोबर रस्त्याकडेला उभी होती. मिरवणूक स्टेशनच्या बाजूने निघाली. सावळीराम पुढे, राजू त्याच्या डाव्या हाताला. तीन गाणी झाली. पोरं रंगात आली होती, चौथ्यासाठी ओरडत होती, नवऱ्याच्या मामाने नोट हवेत फिरवायला सुरुवात केली होती. सावळीरामने ओठाच्या आतून जीभ फिरवली. ओठ दमला होता. इतक्या वर्षांत अशा वेळी त्याने कधी क्लॅरिनेट खाली घेतलं नव्हतं.

त्याने क्लॅरिनेट खाली घेतलं.

"काय झालं मामा?" राजूने घाबरून विचारलं. "रक्त?"

"रक्त कशाला? थकलो. तू वाजव."

"आत्ता? सगळे तुमच्याकडं बघतायत!"

"मग बघतील की तुझ्याकडं. लय दिवस तक्रार होती ना तुझी?"

राजूने एक शिवी गिळली आणि वाजवायला सुरुवात केली. वरच्या जागेला जाताना तो जरा डगमगला, मग सावरला आणि थांबला तिथे, चांगला लांब. पोरांचे हात वर गेले. सावळीराम क्लॅरिनेट काखेत धरून रस्त्याकडेला आला आणि मैनेच्या बाजूने चालू लागला. लाल कोटातला माणूस बायांच्या घोळक्यातून चाललेला बघून लहान मुलं खिदळत होती.

"बरा वाजवतो की," मैना म्हणाली.

"बारा आणे," सावळीराम म्हणाला. दोन पावलं गेल्यावर म्हणाला, "चौदा म्हण."

कार्यालयाची कमान दिसू लागली. नवरी मुलीकडची मंडळी दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती. सावळीरामने ओठ चाचपला, दातांवरची टोपी नीट बसवली आणि मैनेला म्हणाला, "दारातलं मी वाजवतो," आणि घोळक्यातून वाट काढत पुढे गेला.